खोट्या पाळीचं गोणपाट

कान्हे गावात आमच्या आळीत कुणाची सून कधी बाजूला बसली, हे विचारावं लागत नाही. पडवीत गोणपाट पडलं, शेजारी वेगळा तांब्या आला, की समजायचं. आणि समोरच्या ओट्यावर मी असतेच. गुडघे गेलेत, जीभ तेवढी शाबूत आहे.

समोरचं घर झुंबरबाईचं. तिची सून रेणुका लोणावळ्याला एका चिक्कीच्या दुकानात, मागच्या खोलीत पाकिटं भरते. मुलगा संदेश तळेगावला कंपनीत, बहुतेक रात्रपाळीला.

मागल्या वर्षी रेणुकाला दिवस गेले, तेव्हा झुंबरबाईला दम निघाला नाही. दुसऱ्याच महिन्यात आळीभर पेढे. मी एक खाल्ला, एक पदरात बांधला. पुढच्या महिन्यात सगळं संपलं. पोर रिकामी होऊन घरी आली, आणि झुंबरबाई माझ्या ओट्याकडे बघून म्हणाली, "नजर लागली लोकांची." लोक म्हणजे मी. आळीत दुसरं बघायला रिकामं होतं कोण!

यंदा रेणुकाच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. सकाळी स्टेशनकडे निघायची ती मागून कुणी ढकलत असल्यासारखी. मी हटकलंच.

"काय गं, संदेश रात्रपाळीला. मग तू जागतीस कुणासाठी?"

"उकडतंय मावशी."

"मग दार उघडं टाक की. आमी हाये राखणीला."

हसली. ओठ हसले, डोळे नाहीत. पुन्हा दिवस गेलेत की काय, असा मला संशय आला. पण तेवढ्यात पडवीत गोणपाट पडलं. रेणुका त्यावर बसलेली, झुंबरबाई लांबून भाकरी सरकवतेय आणि उगाच मोठ्यानं सांगतेय, "चार दिस शिवू नगंस कशाला!" मी संशय गिळला. पुढच्या महिन्यातही तेच. मग मी आळीत सांगून टाकलं, नवरा-बायकोचं बिनसलंय.

ते सगळं सोंग होतं, आणि माझ्यासाठी केलेलं. झुंबरबाईचा हुकूम होता, तीन महिने पुरे होईस्तोवर वाऱ्यालाही कळता कामा नये. सरकारी आशाताईकडे नाव घालायचं नाही, दवाखान्याची पायरी चढायची नाही, तिथं गावातलं कुणीतरी भेटतंच. आणि सून महिन्याला बाजूला बसली नाही, तर समोरची म्हातारी ओळखणार. म्हणून खोटं बसायचं.

बसवणारीचं काय जातंय? बसणारीनं मला मागाहून सांगितलं ते ऐका. ज्या रक्ताची धास्ती, त्याचंच सोंग घेऊन पोर पडवीत बसायची. डोळा लागला की वाटायचं, काहीतरी ओलं लागलं. दचकून उठायची, मोरीत जाऊन कापड बघायची, कोरडं दिसलं की परत यायची. पुन्हा डोळा लागला, पुन्हा तेच. दुकानात गुळाच्या वासानं उमळून आलं की पित्त झालंय म्हणायची. आणि एखाद्या दिवशी मळमळलं नाही, तर त्याचीच भीती. संदेशला सांगितलं, तर तो म्हणे, "आई म्हणती तसं कर, थोडेच दिस राह्यलेत." एकदा पुरुषानं 'थोडे दिस' म्हटलं की विषय मिटला.

तिसऱ्या खेपेला गोणपाट पडलं, त्याच दिवसांतली गोष्ट. रेणुकाला सुट्टी होती. झुंबरबाई बाजाराला, संदेश जादा पाळीला. दुपारी रेणुका मोरीतून आली ती दाराची चौकट धरून.

"मावशी!"

"पोटात दुखतंय व्हय?" मी ओट्यावरूनच म्हटलं. "दुखतंच गं पाळीत. गरम पानी पी."

"मावशी, मी बाजूला न्हाई बसले."

"मग गोणपाट काय देखाव्याचं हाये?"

"व्हय. देखाव्याचं. तुमच्यासाठीच." तिचा आवाज फाटला. "मला तिसरा चाललाय. आन् आता खरंच लागलंय."

माझे गुडघे कसे उठले देव जाणे. कोपऱ्यावरच्या गफूरला हाक मारली. एरवी तो गफूर खड्डा शोधून रिक्षा घालतो. त्या दिवशी तुडुंब भरली घागर नेल्यासारखी नेली. वाटेत रेणुका एकच म्हणत होती, "सोंग घेतलं म्हणून खरं झालं. सोंग घेतलं म्हणून."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सोनोग्राफी झाली. म्हणाल्या, "ठोके आहेत. पण रक्त गेलंय, आज मी काहीच खात्रीनं सांगणार नाही. आठवड्यानं परत या." मग तिच्या डोळ्यांकडे बघून विचारलं, "झोप कधीपासून नाही?"

"मागल्या वर्षापासनं."

"कुणाला बोललात?"

"बोलायचंच न्हवतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सोंगानं काही होत नाही आणि सांगितल्यानंही काही जात नाही. पण झोप न येणं हेही दुखणंच आहे, दर खेपेला तेही सांगायचं. दवाखान्यात मनातलं बोलायला एक ताई बसतात, त्यांच्याकडे तिला स्वतः नेऊन बसवलं.

तेवढ्यात आळीत कळलं तशी झुंबरबाई बाजाराची पिशवी घेऊनच आली. तिनं आधी सुनेकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"कळलं तुला?"

"कळलं."

"मग संपलंच सगळं." मटकन खाली बसली, पिशवीतले कांदे फरशीवर घरंगळले.

"झुंबरे," मी म्हटलं, "माझ्या नजरेत एवढा जोर असता, तर तुझी म्हैस कवाच आटली असती."

ती हसली नाही. कांदे गोळा करायला लागली आणि मधेच पदर तोंडात कोंबून रडली.

आता चौथा लागलाय. ठोके आहेत, पण डॉक्टरांनी लोणावळ्याला जाणं बंद केलंय. गोणपाट गुंडाळून माळ्यावर गेलं. झुंबरबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगते, "सून पोटुशी हाये," असं तोंड करून, की पुढच्याची नजर उचलायची टाप होत नाही. रेणुका अजूनही उठून मोरीत जाते, कापड बघते. दुपारी माझ्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून पडते. झोप लागतेच असं नाही. पडल्या पडल्या विचारते, "मावशी, राहील ना?"

एरवी मला कुठल्याही प्रश्नाला उत्तर सुचतं, नसेल तर मी रचते. ह्या प्रश्नाला मात्र मी तिच्या पाठीवर हात ठेवते, आणि रस्त्यानं जाणारं कुणी हाक मारायला तोंड उघडू लागलं, तर बोटानंच गप्प करते.