मुंतखब

उर्दूत 'मुंतखब' म्हणजे निवडलेला. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या गावच्या मुस्लिम जमातीच्या सभागृहात. बारावीनंतर जमातीनं गावातल्या दोघांना कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी निवडलं, त्यातला एक मी, आणि माझ्याकडे बोट दाखवून मंचावरून सांगितलं, हा मुलगा मुंतखब झालाय. मी मराठी शाळेत शिकलेला, उर्दू मला मशिदीतल्या मकतबापुरतीच यायची. पण त्या शब्दाचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही. माझे अब्बा लाँचवर खलाशी होते, लिहिण्यातलं त्यांना सहीपुरतं येत होतं. ते पुढच्या रांगेत उठून उभे राहिले आणि शेजारच्यानं हात धरून खाली बसवेपर्यंत उभेच होते. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या एका शब्दामुळे. त्याचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

बहरीनला आलो तर इथं तो शब्द रस्त्यारस्त्यावर. अरबीत 'मुंतखब' म्हणजे देशाचा संघ, आणि देशाचा संघ म्हणजे फुटबॉलचा. मॅचच्या दिवशी गुदैबिया या भारतीय वस्तीतल्या आमच्या हॉटेलातही मालक अण्णा क्रिकेट बंद करून मुंतखब लावायचा. एका खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. बाकीचे पाच जण भारताच्या बातम्या बघायचे. मी मात्र या संघाच्या नादी लागलो. ज्या देशानं नोकरी दिली त्याच्या संघाची आपल्याला काही माहिती नसावी, हे मला बरं वाटत नव्हतं. मी तसाच माणूस आहे. जेवायला बोलावलं तर आधी ताट उचलायला धावणारा.

संघाचा इतिहास मला शिकवला तो विमानतळावरच्या कार्गो ऑफिसातल्या माझ्या बहरीनी सीनियरनं. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, अंगानं जाड, करक, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहाशिवाय न बोलणारे. जुन्या पिढीतले असल्यामुळे त्यांना हिंदी यायचं, त्यांच्या पद्धतीचं. मला ते नावानं हाक मारत नसत. 'सदीक' म्हणायचे. सदीक म्हणजे मित्र. पण इथं आमच्यासारख्या सगळ्यांनाच सदीक म्हणतात, झाडूवाल्यालाही आणि टॅक्सीवाल्यालाही.

"सदीक, पहला गल्फ कप किधर हुआ, मालूम?" त्यांनी एकदा विचारलं.

"किधर?"

"इधर! बहरीन में! पार्टी हमारा घर में, खाना सब पड़ोसी खाया."

खरंच होतं ते. स्पर्धा सुरू झाली याच बेटावर, आणि पुढे कप नेला एकेक करून शेजाऱ्यांनी. कुवेतनं नेला, इराकनं नेला, सौदीनं नेला, सगळ्यांनी नेला. यजमान मात्र तसाच. हे सांगताना ते हसायचे, पण चहाचा कप जरा जोरात खाली ठेवायचे.

मी आल्यानंतर थोड्याच काळात संघ वर्ल्डकपच्या अगदी दाराशी जाऊन पोचला. समोर होता जगाच्या दुसऱ्या टोकाचा, असाच एक बेटांचा छोटा देश. तिकडची मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली होती. परक्या मैदानावरचा गोल जास्त मोजतात, म्हणून इथं गोलशून्य बरोबरी झाली असती तरी चाललं असतं. सीनियर मला स्टेडियमवर घेऊन गेले. आपला संघ एका गोलनं हरला. शेवटी शेवटी एक गोल झाला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि रेफरीनं तो नाकारला. सीनियर डोक्यावरच्या गुत्र्याच्या कापडात तोंड खुपसून रडले. मीही रडलो. का रडलो ते मला तेव्हा कळलं नाही, पण खोटं रडलो नाही. दुसऱ्या दिवशी गावाला फोन केला आणि भावाला म्हणालो, "आपण हरलो रे."

"आपण म्हंजे कोण?" भाऊ म्हणाला. "इंडिया खेळली कधी?"

चार वर्षांनी पुन्हा तेच. या वेळी न्यूझीलंड. इथली मॅच गोलशून्य, तिकडची आम्ही सकाळी टीव्हीवर पाहिली. तोवर लग्न झालं होतं, मुहर्रक शहरातल्या जुन्या गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं होतं भाड्यानं, आणि इथल्याच हॉस्पिटलात जन्मलेली माझी मुलगी माझ्या मांडीवर होती. एका गोलनं मागे असताना आपल्याला पेनल्टी मिळाली. ती आत गेली असती तर त्याच नियमानं वर्ल्डकप. ती गेली सरळ गोलकीपरच्या हातात. मी ओरडलो, मुलगी दचकून रडायला लागली. बायको आतून म्हणाली, "त्या लोकांना काय फरक पडतोय तुमच्या ओरडण्यानं?"

ते वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

कप शेवटी आला तो मुलगी दहा वर्षांची असताना. फायनल दोह्याला, समोर सौदी. एका गोलनं जिंकलो. पहिला कप, पन्नास वर्षांनी. मुलीच्या गालावर मी लाल-पांढरे पट्टे रंगवले आणि गाडी घेऊन आम्ही रस्त्यावर उतरलो. हॉर्नच्या आवाजात बोलणंच ऐकू येत नव्हतं. शेजारच्या गाडीतल्या बाईनं खिडकीतून मुलीच्या हातात चॉकलेटं कोंबली. त्या दिवसापासून मुलीनं ठरवलं की आपण गोलकीपर होणार.

आणि ती झाली. गल्लीतल्या बहरीनी मुलींबरोबर खेळून तिची अरबी अशी झाली की मुहर्रकचे म्हातारेही ओळखू शकत नसत. घरी आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं; अरबीत मात्र ती भांडायची, म्हणजे ती खरी तिची भाषा. ती शाळेच्या संघात खेळली, मग एका क्लबच्या मुलींबरोबर सराव करू लागली. उंच झाली, हात लांब, आणि चेंडू येतो तिथं आधीच जाऊन उभी. मी तिला संघाचा सगळा इतिहास सांगितला होता. त्यातली एक गोष्ट मी फार अभिमानानं सांगायचो. संघात काही खेळाडू, त्यात माझा आवडता एक डिफेंडर, आफ्रिकेतून आलेले होते. त्यांना या देशानं आपलं नागरिकत्व दिलं होतं. "बघ," मी म्हणायचो, "हा देश कुणाला परका मानत नाही. अंगात गुण पाहिजेत फक्त."

पंधरा वर्षांची झाली तेव्हा सतरा वर्षांखालच्या मुलींच्या मुंतखबसाठी शिबिर निघालं. क्लबच्या मैदानावर चाचणी झाली. प्रशिक्षक एक तरुण बहरीनी बाई होत्या. मुलगी घरी आली ती ढोपर फुटलेलं आणि चेहरा फुललेला. "अब्बा, त्या मला तीनदा म्हणाल्या, जैना, जैना, जैना." जैना म्हणजे छान.

त्या आठवड्यात ती नीट जेवली नाही. वहीच्या पाठीमागे गोलच्या चौकटी काढत बसायची.

फोन आला तेव्हा मी कार्गोच्या शेडमध्ये होतो. फोर्कलिफ्टची घरघर, वर विमान उतरत होतं. बाई भरभर अरबीत बोलत होत्या. माझी अरबी ऑफिसपुरती. मला लागले ते तुकडे असे: बिंतिक, म्हणजे तुमची मुलगी. जैना. मुंतखब. जवाज, म्हणजे पासपोर्ट.

वीस वर्षं मी त्या शब्दाचा इथला अर्थ रोज ऐकत आलो होतो. पण त्या क्षणी कान इथला राहिला नाही. तो जमातीच्या सभागृहातला झाला. तुमची मुलगी छान आहे, मुंतखब झालीय, पासपोर्ट घेऊन या. मी तीनचारदा "शुक्रन, शुक्रन" म्हणालो. पलीकडे बाई जरा थांबल्या, काहीतरी हळू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, त्यांनाही भरून आलं असेल.

मी मुलीला शाळेत निरोप पाठवला. गुदैबियाहून मिठाई मागवली आणि सगळ्या ऑफिसात वाटली. सीनियर आता निवृत्तीला आलेले. त्यांनी लाडू उचलला, माझी पाठ थोपटली.

"मबरूक, सदीक. कैसे हुआ? जवाज का क्या किया?"

"जवाज लेके बुलाया है."

"कौन सा जवाज?"

"हमारा."

"हमारा," ते म्हणाले, "मतलब कौन सा?"

मी हसलो. ते हसले नाहीत. लाडू त्यांनी तसाच टेबलावर कागदावर ठेवला आणि फाईल उघडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मैदानावर गेलो. मुलीनं केस घट्ट बांधले होते, ग्लोव्ह्ज धुऊन आणले होते. मी तिच्या पासपोर्टला नवं प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. बाईंनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आत नेलं, खुर्च्या दिल्या, आणि या वेळी इंग्लिशमध्ये, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. मुलगी उत्तम आहे. पण मुंतखबसाठी बहरीनी पासपोर्ट लागतो. काल मी हेच सांगायला फोन केला होता. तुम्ही इतकं शुक्रन म्हणालात, मला वाटलं तुम्ही फार समजूतदारपणे घेतलंत.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या तिच्या भारतीय पासपोर्टाकडे पाहत होतो.

"माझीच चूक," बाई म्हणाल्या. "तिचं नाव, तिचं बोलणं. मला वाटलं ती मुहर्रकची आहे."

"मुहर्रकचीच आहे," मी म्हणालो.

वाईट बाई नव्हत्या त्या. जाता जाता म्हणाल्या, तिची इच्छा असेल तर शिबिराच्या सरावाला येऊ दे. मुलींना शूटिंगसाठी गोलमध्ये कुणीतरी लागतंच. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "शुक्रन."

गाडीत बसल्यावर मुलीनं दार इतकं जोरात आपटलं की आरसा हलला.

"थँक यू कशाला म्हणालात?"

"अगं, त्यांनी निदान..."

"निदान काय? दे वाँट अ वॉल, अब्बा. भिंत पायजे त्यांना. आणि तुम्ही थँक यू म्हणता!" थोड्या वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "तो तुमचा आफ्रिकेतला डिफेंडर. तो कुठे जन्मला होता?"

मी गाडी चालवत राहिलो.

"आणि मी कुठे?"

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मुलगी आत गेल्यावर म्हणाली, "मिठाई वाटायची काय गरज होती? घरात तरी विचारायचं." मग तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः जेवली नाही.

मी पुष्कळ विचार केला. कायदा कायदा आहे, कुणी मला फसवलेलं नाही. मी इथं कामाला आलो, काम मिळालं, आजारपणात इथल्याच डॉक्टरांनी बरं केलं. हे सगळं मी स्वतःला सांगत होतो, आणि दरवेळी त्याच्या शेवटी 'पण' येत होता. त्या खेळाडूंना बाहेरून आणून, कागद करून, आपलं म्हटलं गेलं. माझी मुलगी आपली होतीच. तिला कागदानं परकी केलं. यात राग कुणावर धरायचा तेही कळत नव्हतं, आणि न धरता झोपही येत नव्हती. सगळ्यात जास्त चीड आली ती माझ्याच कानाची. गावातल्या मुलाला एकदा कुणीतरी निवडलं, तर तो जन्मभर समजत राहिला की लोक निवडतातच.

आठवडाभरानं मुलगी स्वतःच म्हणाली, "जाणार मी. सरावाला."

"राहू दे ना," मी म्हणालो.

"नाही. मला खेळायचंय. माझ्याकडे दुसरं मैदान आहे का?"

तिच्याबरोबर जाऊन मी बाहेरच्या कुंपणाशी गाडीत बसायचो. बाकीच्या मुलींना शिबिराचे लाल टी-शर्ट मिळाले होते. तिच्या अंगावर शाळेचा निळा. मुली रांगेनं यायच्या, एकेक करून गोलवर चेंडू मारायच्या. पहिल्या दिवशी तिनं बहुतेक अडवले. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या सरावाला एक मुलगी सलग चुकून रडकुंडीला आली, ग्राउंडवर बसूनच राहिली. तिच्या मैत्रिणी माझ्या मुलीकडे अशा बघत होत्या जणू हिनं काही चोरलंय.

सराव संपायच्या आधी बाई माझ्या गाडीपाशी आल्या. खिडकीत वाकून, अगदी नम्रपणे म्हणाल्या, "सर, एक विनंती. तिला सांगाल का, अधूनमधून चार-पाच सोडायला? आमच्या मुलींचा आत्मविश्वास जातोय. पुढच्या महिन्यात त्यांच्या मॅचेस आहेत."

तोंडात 'शुक्रन' आलंच होतं. इतक्या वर्षांची सवय. समोर माझी मुलगी डाव्या कोपऱ्याकडे झेप घेऊन पडली, चेंडू पोटाशी धरून उठली, कुणाकडेही न बघता परत फेकला.

"ला," मी म्हणालो.

नाही म्हणायला अरबीत एवढंच लागतं. वीस वर्षांत इथं कुणालाही मी ते म्हटलं नव्हतं. बाईंना नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं, म्हणून पुन्हा म्हणालो. "ला. ती सोडणार नाही. मी सांगणार नाही."

बाई सरळ उभ्या राहिल्या. "ओके," म्हणाल्या, आणि गेल्या.

पुढच्या सरावाचा निरोप आला नाही. त्याच्या पुढच्याचाही नाही. मुलगी दोनदा बॅग भरून बसली, मग तिनं ग्लोव्ह्ज काढून कपाटात टाकले. एका शुक्रवारी जेवताना तिनं विचारलं, "कोच त्या दिवशी गाडीपाशी तुम्हाला काय म्हणत होत्या?"

मी सांगितलं. काय विनंती केली आणि मी काय उत्तर दिलं, सगळं. मला वाटलं ती चिडेल. माझ्या त्या एका शब्दानं तिचं उरलंसुरलं मैदानही गेलं होतं.

ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"चार-पाच?" ती मराठीत म्हणाली. "मी तर एकसुद्धा सोडला नसता, अब्बा. तुम्ही सांगितलं असतं तरी."

मग ती जेवायला लागली. बायकोनं तिला आणखी भात वाढला.