तीन कुलपांची अटॅचमेंट

लातूरला बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. तेवढ्यावरून रेणापूरकडचं आमचं गाव मला कॉम्प्युटरमधला मोठा जाणकार समजतं. हा समज मी कधी खोडून काढला नाही, आणि तिथंच माझं चुकलं.

गाव पुण्या-हैदराबादला पांगलेलं, म्हणून मी सगळ्यांसाठी एक ऑनलाइन कट्टा सुरू केला. लोकांनी गप्पा कमी मारल्या आणि कागदच जास्त चढवले. सातबारे, बारशाचे फोटो, मुलींचे बायोडाटा, सगळं उघड्यावर. एक दिवस गावातल्या एका मुलीचा फोटो औशाच्या ब्यूटी पार्लरच्या बोर्डावर झळकला आणि पारावर माझी हजेरी घेतली गेली.

"देवाची पेटी कशी ठिवतो आपण?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. देवाच्या चांदीच्या मुखवट्याच्या पेटीला आमच्याकडे तीन कुलपं असतात, किल्ल्या तीन घरांत. मी तसंच केलं. सगळ्या अटॅचमेंट एका फोल्डरात हलवल्या आणि त्याच्या पासवर्डचे तीन तुकडे केले. तिन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी दुकानात येऊन आपापला तुकडा टाकला, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. स्वतःकडे मी काहीच ठेवलं नाही. या प्रामाणिकपणाचा मला फार अभिमान होता.

तिघांतले एक माझे थोरले चुलते, आबा. माझ्या आजोबांच्या शाळाप्रवेशाचा जुना उतारा त्यांच्याकडे होता. शाळेचं मूळ रजिस्टर वाळवीनं कधीच खाल्लेलं. फोल्डरला कुलपं लावायच्या आधी मी तो उतारा स्कॅन करून त्यात हलवला आणि ऐटीत म्हणालो, "आबा, आता कागद फेकला तरी चालतंय." आबांनी मान डोलावली. कागद गेला, असंच आम्ही सगळे धरून चाललो.

यंदा माझ्या पुतणीचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. जात पडताळणीसाठी तोच उतारा हवा होता, आणि लातूरच्याच कार्यालयात कागद भरायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. सकाळीच ती दुकानात येऊन बसली. मी तिन्ही म्हाताऱ्यांना फोन केले. दुपारी जीपमधून ते उतरले, सोबत नारळ आणि एक हलगीवाला.

"हे कामून आणलं?" मी विचारलं.

"पेटी जत्रेबिगर उघडत न्हाईत," पहिला म्हातारा म्हणाला.

जत्रा चैत्रात, आणि हा तर श्रावण. पुतणी म्हणाली, "आजोबा, माझं वरीस जाईल हो." तिघांनी बाजूला जाऊन मसलत केली आणि जत्रा इथंच, लहानशी करायचं ठरवलं. दोन झेरॉक्स मशीनच्या मधे हलगी वाजली. कीबोर्डला हळदीकुंकू लागलं. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या लोकांनी खोबऱ्याचा प्रसाद घेतला आणि काही न विचारता रांगेत उभे राहिले.

पहिल्यानं एका बोटानं अक्षरं शोधत आपला तुकडा टाकला, तेव्हा बाकी सगळ्यांनी रस्त्याकडं तोंड केलं. दुसरा आपला तुकडा विसरला होता. त्यानं घरी फोन लावला, स्पीकर सुरू, आणि म्हातारीनं एकेक अक्षर सबंध बसस्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं. तरी आम्ही तोंड फिरवूनच उभे होतो, कारण रीत म्हणजे रीत. आबांनी आपला तुकडा गुपचूप टाकला. तोवर साडेतीन झाले होते.

फोल्डर उघडलं. उताऱ्याच्या फाइलवर कोपऱ्यात एक बारका बाण होता. मी क्लिक केलं, काही उघडेना. मग ध्यानात आलं. हलवताना मी फाइल उचललीच नव्हती, डेस्कटॉपवरचा तिचा शॉर्टकट उचलला होता. तो बाण ज्या जुन्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवत होता, तो मीच फाइली हलवल्यावर त्याच महिन्यात साफ पुसून विकला होता. इतके दिवस तीन कुलपांत आम्ही नुसता बाण राखत होतो.

पुतणी कागदाच्या रिमवर खाली बसली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

आबांनी बंडीच्या आतल्या खिशातून खताच्या पिशवीचा एक तुकडा काढला आणि घडी उलगडली. आत उतारा होता, जशाचा तसा.

"आबा, सकाळपासून बोलला कामून न्हाईत?"

"तुमी समदे अटॅचमेंट मागून राहिले. कागद कुणी मागितला?"

पुतणीनं तो हिसकावलाच. मुदतीच्या आत कागद गेला. दुकानात मात्र तिघे हलायला तयार नव्हते, कारण पेटी उघडी ठेवायची नसते. पुन्हा एकेकानं तुकडा टाकला, पुन्हा हलगी वाजली, आणि बाण बंदोबस्तात गेला.

पुतणी आता नांदेडला शिकते. परवा तिनं पडताळणीच्या प्रमाणपत्राचा फोटो मला कट्ट्यावर ठेवायला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'काका, कागद आबांकडं ठेवलाय.'