असल मशीनचाच बॅकअप

बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीचा विषय निघाला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती नोकरी सुटली, दुसरी लागली, तरी जाते. त्यातला निम्मा राग मालकावर आहे. उरलेला कुणावर आहे, ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायचो. काचेच्या केबिनमध्ये मेलची दोन मशिनं होती, जोडीनं चालणारी. एक काम करायचं आणि दुसरं त्याची हुबेहूब नक्कल क्षणाक्षणाला स्वतःकडे उतरवून घ्यायचं. दोघं एकमेकांना सारखं विचारत असतात, आहेस का, आहेस का. काही सेकंद उत्तर आलं नाही की दुसरं समजतं, हा गेला, आणि कारभार आपल्या हातात घेतं. संकट आलं तर ही सोय लाखमोलाची. पण काही कारण नसताना असं झालं तर सगळ्या ऑफिसची मेल चार-पाच मिनिटं अडकते, पुण्याच्या गिऱ्हाइकाला निघालेलं ड्रॉइंग मध्येच लटकतं, आणि जो तो माझ्या केबिनकडे मान वळवून बघतो.

बॅकअप घेताना मशीन काही सेकंद श्वास रोखल्यासारखं थांबतं. म्हणून तो काम करणाऱ्या मशीनवरून घ्यायचा नसतो, नुसत्या नक्कल उतरवणाऱ्या मशीनवरून घ्यायचा असतो. ते थांबलं तरी कुणाला कळत नाही. हे मी मालकांना अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

मालक बेळगावातल्या जुन्या घरचे. वडील वकील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना बनावट कागद विकायला आलोय.

"नकलेवरनं नक्कल? आमच्या वडलांचं आयुष्य कचेऱ्यांत गेलं. झेरॉक्सची झेरॉक्स नेली की खिडकीतनं परत. असल आणा म्हणतात. बॅकअप असलवरनंच घ्यायचा. आणि जेवणाच्या सुट्टीत, माझ्या डोळ्यांदेखत."

सांगायला लाज वाटते, पण ते मला थोडं पटलंही. मी निपाणीचा. शाळेचा दाखला मराठीत, त्याचं कन्नड भाषांतर, त्या भाषांतराची सही-शिक्क्याची प्रत, आणि एवढं सगळं घेऊन गेलं की खिडकीतला माणूस विचारणार, मूळ कुठाय? आमच्या भागात वाढलेल्या माणसाच्या हाडात हे मुरलेलं असतं. पण मशीनला ते लागू नाही हे मला कळत होतं. ते कळण्याचाच तर पगार मला मिळत होता.

मग मी हुकमाप्रमाणे केलं. जे मशीन त्या दिवशी काम करतंय ते असल, त्याचा बॅकअप दुपारी एक वाजता. पहिल्याच आठवड्यात त्रास सुरू झाला. बॅकअप सुरू झाला की असल थांबायचं, नक्कल कारभार घ्यायची आणि स्वतःच असल होऊन बसायची. दुसऱ्या दिवशी बॅकअप तिच्यावर, मग ती पडायची. मी वेळा जुळवून बघितल्या, मिनिटाचाही फरक नव्हता. पुन्हा मालकांकडे गेलो. "तुला बॅकअप घ्यायचा कंटाळा आलाय, एवढंच," असं त्यांनी चार माणसांसमोर सुनावलं. मी खाली मान घालून बाहेर आलो आणि त्यानंतर तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्यावर मालकांनी स्वतःच डोकं चालवलं. आज हे पडतंय, उद्या ते पडतंय. दोन्हीच्या दोन्ही मशिनं कशी बिघडतील? म्हणजे बिघाड करंटमध्ये. आणि करंट म्हणजे आप्पा.

आप्पा आमच्या कारखान्याचे वायरमन. बेळगुंदीचे, सकाळी रानात काम करून मोटरसायकलवरनं आठला गेटवर हजर. वीस वर्षं ते तिथे होते. सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे, मालकसुद्धा. पण त्या दिवसांत मालक त्यांना सगळ्यांदेखत "ओ वायरमन" म्हणायला लागले. ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची, आणि मी कीबोर्डकडे बघत बसायचो.

आप्पांनी सहा रविवार त्या बिघाडामागे घातले. कारखाना बंद असताना यायचे. केबिनकडे येणारी एकेक वायर सोडवून पुन्हा आवळली. यूपीएसची टोकं घासली. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात मीठ आणि कोळसा भरला, बादल्यांनी पाणी ओतलं. रविवारी मीही असायचो, केबिनच्या खिडकीतून तो खड्डा सरळ दिसायचा. हात पुसत ते वर यायचे.

"तुज्या मशीनला व्होल्टेज बरोबर मिळतंय न्हवं? मला तर कुठं कायच दिसंना."

"बघतो, आप्पा," मी म्हणायचो.

हे वाक्य आठवलं की मला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण आप्पा सरळ माणूस, ते थेट मालकांकडे जाऊन माझं नाव घेतील, ही मला भीती. आणि खरं सांगायचं तर, सगळे तारांकडे बघत होते तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. ते मला बरं वाटत होतं.

शेवटी एका शुक्रवारी, कुणाला न सांगता, मी बॅकअप नकलेच्या मशीनवर वळवला. माझा बेत असा की त्रास आपोआप थांबेल, मालक विसरतील, आप्पा सुटतील. शनिवारी सकाळी मालकांनी आप्पांना गेटवरनंच कायमचं परत पाठवलं.

सोमवारपासून एकदाही मशीन पडलं नाही. आठवडाभरानं मालक माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, खुशीत. "बघितलास? माणूस गेला, त्रास गेला."

मग मात्र मला राहवलं नाही. बॅकअपच्या वेळा आणि मशीन पडल्याच्या वेळा शेजारी शेजारी छापलेला कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला आणि शुक्रवारी काय केलं तेही सांगितलं. त्यांनी कागद वाचला. नीट वाचला, हे विशेष.

"मला न विचारता केलंस."

"आप्पांना परत बोलवा, साहेब."

"नवा माणूस आलाय. आणि तू सांगतोस ते खरं असलं, तरी मी आता कारखानाभर सांगत फिरू काय, मी चुकलो म्हणून?" त्यांनी कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. कळूनसुद्धा असं वागणाऱ्या माणसाबद्दल काय बोलायचं?

त्या रविवारी मी बेळगुंदीला गेलो. आप्पा दारात रताळ्याचे वेल निवडत बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला. काकूंना चहा टाकायला सांगितलं.

चहा हातात आल्यावर तेच म्हणाले, "आता पडत न्हाय म्हणत्यात मशीन. म्हंजे चूक माझीच हुती. पर काय हुतं रं? न्यूट्रल ढिला हुता काय? नव्या माणसाला काय गावलं? मी लई इचार करतोय, मला अजून सापडंना."

मी त्यांना सगळं सांगितलं. बॅकअप, असल, नक्कल, दुपारचा एक. ते वेल हातात तसेच धरून ऐकत राहिले.

"तुला कवापासनं ठावं हुतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"म्हंजे मी खड्ड्यात मीठ वतत हुतो, तवा तू वरनं बघत हुतास."

त्यांनी हातातला वेल खाली ठेवला आणि आत बघून काकूंना हाक दिली.

"अगं, ह्यो निघालाय."

माझा चहा अजून अर्धाही संपला नव्हता.