चिंचेनं घासलेलं लोखंड

माझं एक नाणं माझ्याच घरात बाद झालं, तेही पूजेच्या निमित्तानं. लोक म्हणतात, सोडून द्या. का सोडू?

इथं कानडी मुलखात, चिकपेटच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, जस्ती पत्रे. फुटपाथवर बसून सुरुवात केली होती, तेव्हा लोखंडाबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. युद्धातल्या नाण्यांचा नादही लोखंडापायीच लागला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला काडतुसांसाठी तांबं कमी पडू लागलं. म्हणून एकोणीसशे त्रेचाळीस साली त्यांनी आपला तांबडा सेंट पोलादाचा पाडला आणि वर जस्ताचा पातळ थर दिला. गोळीला तांबं आणि गरिबाच्या खिशाला लोखंड! ते नाणं खिशातल्या घामानं गंजे, शिवाय लोकांना चांदीचं वाटे. पुढच्याच वर्षी बंद केलं. मला ते हवंच होतं. माझ्या पत्र्यांचा तो सख्खा भाऊ.

जवळच्याच गल्लीत एक जुनी नाणी विकणारा बसतो. त्यानं एक चकचकीत सेंट पुढे केला.

"घ्या अण्णा, कालच पाडल्यासारखं आहे."

मी कड पाहिली. कडही चमकत होती. पत्र्याला आधी जस्त चढवतात आणि मग तो कापतात, त्यामुळे कापलेली कड उघडी राहते. ही नाणीही तशाच पत्र्यातून कापलेली. कड चमकते, म्हणजे कुणीतरी मागाहून मुलामा दिलाय.

"काल पाडलेलं नाही, काल बुडवलेलं आहे," मी म्हणालो.

त्याच्या डबीत दुसरा सेंट होता. राखाडी, मळकट, कड काळपट. अस्सल! मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. चहा मागवला, पावसापाण्याचं बोललो आणि उठता उठता म्हणालो, "हे भिकारडं कशाला ठेवलंयस? चहाबरोबर देऊन टाक."

"अण्णा, तुम्ही लोखंड विकता की माणसं?" तो हसला, पण तासभर भांडल्यावर दिलं.

बनशंकरी भागातल्या आमच्या घरात कुलपाचा खण एकच, देवघराखालचा. नाणं तिथं ठेवलं. देवघराचा कारभार माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाला आमच्याकडे नाणी धुऊन कलशाच्या पाण्यात टाकतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी अक्कानं कलश रिकामा केला आणि ताटात माझा सेंट पडला. काळा, आणि मधोमध तांबूस डाग.

"अक्का, हे काय केलंस?"

"काय केलं? चांदीवर केवढा कीट चढला होता! चिंच लावून घासलं. लक्ष्मीपुढे मळकट नाणं मांडायचं काय?"

"चांदी नाही ती! लोखंड आहे! वरचं जस्त गेलं सगळं!"

वाटलं, आता तरी चुकलं म्हणेल. ती उलट उसळली.

"लोखंड? सणाच्या दिवशी लक्ष्मीच्या कलशात शनीचं लोखंड? देवाच्या खणात ठेवलंस तू? अरे, दुकानातलं दुकानात ठेव ना!"

"ऐंशी वर्षं टिकलं होतं ते जस्त!"

"मग सांग तुझ्या गिऱ्हाइकांना, आमचं जस्त चिंचेपुढे टिकत नाही म्हणून!"

नुकसान माझं, आणि आरोपीही मीच. सणाचे उरलेले ओबट्टू, म्हणजे आमच्या पुरणपोळ्या, तिनं शेजारीपाजारी वाटले, माझ्या ताटात एकही पडला नाही.

नाणं घेऊन त्या विकणाऱ्याकडे गेलो, काही उपाय असला तर. तो म्हणाला, "सरी, ठीक आहे अण्णा, स्वल्प मुलामा मारून देतो. नवं दिसेल." माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना चकाकी हवी. घरी अक्काला, इथं याला. त्या मळकटपणातच तर सगळं होतं! एका वर्षी तांबं कुठं गेलं, ते त्यावरून कळत होतं. मी त्याला चार शब्द सुनावले आणि नाणं तेलाच्या फडक्यात गुंडाळून परत आणलं.

आयुधपूजेला अक्का दुकानात आली. तराजू, नट आवळायचे पाने, पत्रा कापायची कात्री मांडून झाली.

"ते तुझं लोखंड कुठंय?"

"आता कशाला?"

"आज लोखंडाचाच दिवस. आण."

मी ते कात्रीशेजारी ठेवलं. अक्कानं कुंकवासाठी बोट पाण्यात बुडवलं.

"पाणी नको!" मी असा ओरडलो की दारातलं गिऱ्हाईक मागे सरकलं.

"ओरडू नकोस. कोरडं लावते." तिनं पदराला बोट पुसलं आणि चिमटीनं कुंकू टाकलं. मग म्हणाली, "तूच सांगतोस ना, तिकडच्या लोकांनाही ते चांदीचं वाटायचं म्हणून? मग मला वाटलं तर एवढा थयथयाट कशाला?"

उत्तर माझ्याकडे होतं. चांगलं तिखट होतं. पण नारळ फोडायचा होता, आणि या वेळचा प्रसाद मला हवा होता.