शाल खुर्चीवर, बाई रजेवर

ऑफिसातले किस्से माळ्यावरच्या सामानासारखे असतात, एक ओढावा तर चार अंगावर पडतात! माझे मात्र सगळे एकाच हिवाळ्यातले, जयपूरच्या आमच्या विमा ऑफिसातले. बऱ्याच वर्षांनी मला दिवस राहिले होते. आधी दोनदा पोटातलं मूल गेलं होतं, त्यामुळे या खेपेला बाळ नीट हातात यावं, याखेरीज काही सुचत नव्हतं. मॅटर्निटी लीव्हच्या आधी क्लेम्सचा चार्ज माझ्या जागी येणाऱ्या राठौडजींना द्यायचा होता, तेवढंच काम उरलं होतं.

*

आमच्याकडे एक रीत आहे. खुर्चीच्या पाठीवर शाल किंवा कोट टाकला की माणूस ऑफिसातच आहे असं धरायचं! रजा वाचते, साहेबही कानाडोळा करतात. डॉक्टरकडे जायचं असलं की मीही शाल टाकून सटकायचे.

एकदा परत आले तर राठौडजी खूश. "मॅडम, क्या बढ़िया समझाया आपने! अब सब क्लियर है."

"कब समझाया?"

"अभी तो! लंच के बाद से आप ही तो बोल रही थीं."

तेव्हा मी सोनोग्राफीच्या टेबलावर होते. म्हटलं, दाल-बाटी जेवून यांना डुलकी लागली असणार.

*

आमेरचे एक आजोबा मुलाच्या क्लेमसाठी यायचे. पुढच्या तपासणीहून परतताना जिन्यातच भेटले. मला बघून थबकले, वर बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"बेटी, तू तो ऊपर बैठी है!"

भिंतीला घासून उतरले आणि गेले. नंतर कागदांवर सह्या करायला पुतण्याला पाठवलं.

*

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "बरंय की! पगार एक, बाया दोन!"

मग एक दिवस बरं वाटेना म्हणून मी मानसरोवर कॉलनीतल्या आमच्या घरीच झोपून होते; शाल आदल्या दिवसापासून खुर्चीवरच राहिली होती. याने सवयीने ऑफिसच्या नंबरवर फोन लावला. संध्याकाळी आला तो तोंड पाडून.

"दुपारी असं का बोललीस?"

"काय बोलले?"

"'मी इथेच बरी आहे. घरी आहे तिला सांभाळ,' असं म्हणालीस."

आख्ख्या ऑफिसात मराठी बोलणारी मी एकटी! त्यानंतर त्याने चेष्टा केली नाही. मीही खूप घाबरले.

*

दुसऱ्याच दिवशी शाल घरी आणली आणि ठरल्यापेक्षा आधीच चार्ज दिला. साहेबांनी कचोऱ्या मागवल्या. मी राठौडजींना म्हटलं, "बैठिए, अब कुर्सी आपकी!"

ते बसेनात. स्टूल ओढून बाजूला टेकले.

"आपके सामने कैसे बैठूँ, मॅडम?"

बोलत माझ्याशी होते, पण बघत होते रिकाम्या खुर्चीकडे.

*

मुलगी झाली. सुखरूप, रडकी, गुबगुबीत! तिला छातीशी धरून मी पोटभर रडले.

घरी आलो, पाळणा बांधला, आणि एका दुपारी राठौडजींचा फोन आला.

"बधाई हो मॅडम! आप बिटिया को सबसे मिलाने लाईं, बड़ा अच्छा लगा. पर आप कहाँ चली गईं? बच्ची तो यहीं कुर्सी पर रह गई! जल्दी आइए, बहुत रो रही है."

मी पाळण्याकडे धावले. मुलगी होती. गप्प पडून एकटक माझ्याकडे बघत होती.

राठौडजींनी फोन बहुतेक खुर्चीजवळ नेला. रडणं स्पष्ट ऐकू आलं.

आणि ते ऐकून मला पान्हा फुटला!