बोलकी रांग

ऑपरेटरचे डोळे काचबिंदूने गेले, आणि एकदम नाही, चांगली दोन वर्षं घेऊन गेले. चौतीस वर्षं थिएटरच्या मशीनच्या खोलीत उभा राहिलेला माणूस. भेटायला येणारा प्रत्येक जण हळहळायचा, काय हो नशीब, सिनेमावाल्याचेच डोळे जावेत! बोलणाऱ्याला वाटायचं आपण फार खोल काहीतरी बोललो. ऑपरेटर म्हणायचा, "मग काय, न्हाव्याचे गेले असते तर बरं झालं असतं का?" त्यावर माणूस चहा संपवून उठायचा.

खऱ्या नावाने हाक मारणारी बायको होती, ती आधीच गेली. आता सून बाबा म्हणायची, नात आजोबा म्हणायची आणि उरलेलं सगळं जग ऑपरेटर म्हणायचं. मुलगा नोकरीसाठी परगावी. सून औषधाच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला. घरात खुर्ची ते खिडकी सात पावलं आणि खिडकी ते न्हाणीघर अकरा, एवढ्यात माणसाने किती हिंडायचं? त्याच्या आठवड्यात खरा दिवस एकच होता, बुधवार.

बुधवारी सकाळी अकराला त्याच्याच जुन्या थिएटरात साठीच्या पुढच्यांसाठी अर्ध्या तिकिटाचा खेळ असायचा. नाव मोठं झोकदार ठेवलं होतं, पण सगळे 'म्हाताऱ्यांचा शो' म्हणायचे. अकराचा खेळ सव्वाअकराला सुरू व्हायचा, कारण जिने चढायला वेळ लागतो. मध्यंतर अर्ध्या तासाचं, कारण स्वच्छतागृहाच्या रांगेत कुणाला घाई करता येत नाही. आणि शेवटच्या रांगेला बोलायची मुभा होती. ज्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही त्यांनी तिथे बसायचं, शेजारी सोबती बसवायचा, आणि त्याने कानाशी लागून सिनेमा सांगायचा. सोबत्याला तिकीट नाही. ती बोलकी रांग. तिथे एक बाई आपल्या बहिऱ्या नवऱ्याला इतक्या जोरात संवाद सांगायची की पुढच्या दोन रांगांना सिनेमा दोनदा ऐकू यायचा.

ऑपरेटरचा सोबती होता बॅटरी. तोही त्याच थिएटरचा. तीस वर्षं दारावर उभा राहून अंधारात लोकांना बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत नेलं, म्हणून हे नाव. एक वर, एक खाली, अशी दोघांची उभी जिंदगी एका छपराखाली गेली. बॅटरीला मागेपुढे कुणी नव्हतं. लग्न त्याने केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारलं की म्हणायचा, "शो चालू होता."

सुनेने अट घातली होती. थिएटरसमोर चार पदरी रस्ता, सिग्नल नाही, गाड्या जीव घ्यायला निघाल्यासारख्या. "काका सोबत असतील तरच जायचं, बाबा. एकट्याने उंबरा ओलांडलात तर बुधवार बंद." सून मनाची वाईट नव्हती, शब्दाची पक्की होती. तेव्हा हिशोब साधा होता. बॅटरीचे डोळे होते म्हणून ऑपरेटरला बुधवार होता. दर बुधवारी साडेदहाला बॅटरी दार वाजवायचा, "चला साहेब, गर्दी व्हायच्या आत," आणि ऑपरेटर साडेनवापासून बूट घालून बसलेला असायचा.

पहिली काही वर्षं बुधवारी जुनेच सिनेमे लागायचे. ते दोघांनाही तोंडपाठ. बॅटरी सांगायच्या आधी ऑपरेटरच सांगून मोकळा व्हायचा, आता दार उघडेल, आता तो पाठ फिरवेल. मग नवा मॅनेजर आला आणि त्याने अलीकडचे सिनेमे लावायला सुरुवात केली. आणि नवल बघा, बॅटरीची जीभ तेव्हापासून खरी सुटली. कोणी काय घातलंय, टेबलावर काय ठेवलंय, म्हातारीच्या स्वेटरला कुठलं बटण नाही, सगळं सांगायचा. बोलणं थांबून नुसतं संगीत सुरू झालं की तर विचारूच नका. ऑपरेटर घरी येऊन सुनेला ते सगळं जसंच्या तसं ऐकवायचा. एकदा ती म्हणाली, "बाबा, हा सिनेमा मी पाहिलाय. त्यात कुत्रा कुठे होता?" ऑपरेटर म्हणाला, "तुझं लक्ष मोबाइलमध्ये असेल." मित्रावर एवढा भरवसा होता माणसाचा. डोळे झाकून, म्हणायची सोयच नव्हती, ते झाकलेलेच होते.

सुट्टीत दोन बुधवार सहा वर्षांची नातही बरोबर गेली होती. एका हाताला आजोबा, दुसऱ्या हाताला बॅटरीआजोबा.

तर त्या बुधवारी सिनेमा होता एका विधवा बाईचा. निम्मा झाला होता. बोलकी रांग मशीनच्या खिडकीच्या बरोबर खाली, त्यामुळे ऑपरेटरला सिनेमाच्या आवाजामागे मशीनच्या पंख्याची घरघर सतत ऐकू यायची. मशीन आता नवं होतं, वर माणूस नसायचा, खाली ऑफिसातून बटण दाबून मॅनेजर कुठेतरी उंडारायचा. अचानक वर टक् असा बारीक आवाज झाला आणि पंख्याचा सूर चढला. दुसऱ्या कुणाला ते कळायचं कारण नव्हतं. ऑपरेटरला कळलं. दिवा गेला होता. आवाज चालू, चित्र गुल.

आता लोक कुजबुजतील म्हणून तो थांबला. कुणीही कुजबुजलं नाही. निम्मे पेंगत होते आणि उरलेल्यांना वाटलं रात्रीचा प्रसंग असेल. पडद्यावरची बाई बोलायची थांबली होती, नुसतं व्हायोलिन वाजत होतं.

आणि कानाशी बॅटरीचा आवाज आला, "आता ती खिडकीपाशी गेली."

ऑपरेटरने मान वळवली. "काय?"

"खिडकीपाशी उभी आहे. बाहेर बघतेय. हिरवा स्वेटर घातलाय."

आपलेच कान चुकले असतील, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण चौतीस वर्षांत त्याचा कान मशीनच्या बाबतीत एकदाही चुकला नव्हता. तो हळूच म्हणाला, "आणि आता?"

"आता तिने डोळे पुसले. थोडी हसतेय बघ."

पुढच्या रांगेत निवृत्त नर्सबाई बसायच्या. त्या मागे वळल्या. "काय हो, चेष्टा करताय काय बिचाऱ्याची? पडदा काळाठिक्कर पडलाय केव्हाचा."

मग सगळीकडून आवाज उठले, कुणीतरी ऑफिसकडे गेलं, दहा मिनिटांनी चित्र परत आलं. बॅटरी मात्र परत आला नाही. म्हणजे शेजारीच बसला होता, पण सिनेमा संपेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. ऑपरेटरने उरलेला सिनेमा नुसता ऐकला. एक दार लागलं, ते कुणी लावलं ते कळलं नाही.

बाहेर पडून दोघं फुटपाथच्या कडेला उभे राहिले. समोरून गाड्या धावत होत्या. ऑपरेटरने बॅटरीच्या दंडावरचा हात काढून घेतला.

"कधीपासून?"

बॅटरीने घसा खाकरला. "डावा जाऊन दोन वर्षं झाली. उजव्यात मधोमध काळं आहे. कडेनं जरा धूसर दिसतं. माणूस आहे की खांब, ते हलल्यावर कळतं."

"आणि सिनेमा?"

"ऐकू येतं ना. मधलं जुळवून घ्यायचो. तुला आवडायचं."

"तो कुत्रा?"

"काहीतरी भुंकलं होतं रे."

नुसत्या सिनेमाचं असतं तर ऑपरेटर हसला असता. मनात कुठेतरी हसू आलंही होतं. पण समोरून एक बस इतक्या जवळून गेली की तोंडावर गरम वारा आला, आणि तेव्हा त्याला रस्ता आठवला. दोन वर्षं. जायचे बुधवार, यायचे बुधवार.

"मग रस्ता कसा ओलांडत होतास?"

बॅटरीची चप्पल फुटपाथच्या कडेला घासली.

"मी विचारतोय, रस्ता कसा ओलांडत होतास?"

"तुझ्यामुळे," बॅटरी म्हणाला. "तुझे कान काय साधे आहेत? मी विचारायचो, येतंय का काही, तू म्हणायचास, काही नाही, चल. मग मी पाऊल टाकायचो. एकदाही चुकला नाहीस."

ऑपरेटरला ते खरंच आठवलं. रस्त्याच्या कडेला बॅटरी दर वेळी विचारायचा आणि त्याला वाटायचं हा आपला मान ठेवतोय, आंधळा झालास तरी अजून कामाचा आहेस असं दाखवतोय. तो खूश होऊन उत्तर द्यायचा. कधीकधी तर गंमत म्हणून, नीट न ऐकताच 'चल' म्हणायचा. याला दिसतंय ना, मग आपण काय म्हणतो त्याने काय होतंय. न ऐकता. किती वेळा ते आता कोण सांगणार?

"माझी नात होती बरोबर," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तिचा हात तुझ्या हातात होता. नालायका, मी तिला तुझ्या हातात दिली होती."

"तेव्हा मी जास्त जपून—"

"काय जपून? कशाने जपून?"

"तुला सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

"नसतो आलो."

"बघ. तुझं घर तरी आहे. सून आहे, नात आहे. मी कुठे जाणार होतो? सोबती म्हणून आत सोडत होते, कुणीतरी माझी साडेदहाला वाट बघत होतं. डोळे गेले म्हणालो असतो तर दोघंही घरी बसलो असतो."

"मग बसलो असतो," ऑपरेटर म्हणाला. "मी बसलोच होतो की. तू येऊन मला उठवलंस. मला वाटलं हा माझ्यासाठी येतो. केसाने गळा कापलास रे माझा."

बॅटरीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं असावं, कारण त्याचा श्वास ऐकू आला. तेवढ्यात नर्सबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांना वाटत होतं मघाची चेष्टा जरा अंगाशी आली आणि मित्रामित्रांत रुसवाफुगवी चाललीय. "भांडून झालं का? ऊन तापलंय. मी त्या बाजूलाच निघालेय."

"मला पलीकडे न्याल?" ऑपरेटर म्हणाला. "घरापर्यंत नेलंत तर फार बरं होईल."

"अहो, त्यात काय. आणि हे?"

"त्यांना दिसतं सगळं," ऑपरेटर म्हणाला.

नर्सबाईंनी त्याचा हात धरला. गाड्या जाऊ दिल्या आणि झपाझप पलीकडे नेलं. इतक्या सरळ आणि बिनघोर पावलांनी आपण हा रस्ता किती दिवसांत ओलांडला नव्हता, हे त्याला चालता चालता कळलं, आणि त्याला भयंकर राग आला.

पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवला आणि मागून हाक आली.

"ऑपरेटर, येतंय का काही?"

तो थांबला. सवयीने कान गेलेच. डावीकडे काही नाही. उजवीकडे एक ट्रक, पण तो खूप लांब, अजून चढावर. रस्ता मोकळा होता. 'चल' एवढं एकच म्हणायचं होतं.

"ते तुम्हाला विचारतायत का?" नर्सबाईंनी विचारलं.

"मला नाही," ऑपरेटर म्हणाला. "चला, सून वाट बघत असेल."

ट्रक आला, गेला. बॅटरीने पुन्हा तेच विचारलं, या वेळी जरा मोठ्याने. तोवर ती दोघं गल्लीच्या तोंडाशी पोचली होती, पण ऑपरेटरला स्वच्छ ऐकू आलं.