आधी पॉजवर लावून बघा

की-बोर्ड उलटा धरून पाठीवर चार थापा मारल्या की काय काय पडतं, ते आम्हा दुरुस्तीवाल्यांना विचारा. शेव, केस, नखं, स्टेपलरच्या पिना, एकदा तर चांगली अख्खी वेलची! किश्श्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी साठवत नाही. रोजचं काम करता करता ते फटीत जाऊन बसतात आणि कोणी 'काय गं, काय नवीन?' म्हणून थोपटलं की पडायला लागतात.

आमचं दुकान सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर. मालक नाना, वय बासष्ट. मी वैशाली, मूळची वर्ध्याची. नोकरीसाठी पुण्यात आले आणि गेली सात वर्षं नानांकडे आहे. लॅपटॉप उघडणं, मदरबोर्ड, सोल्डरिंग, सगळं मी बघते. पण दुकानाचं नाव झालंय ते भलत्याच कामामुळे. की-बोर्डच्या बटणांवर सांडलेला रंग आम्ही काढून देतो. दिवाळीच्या आधी घरोघरी रंगकाम निघतं. लोक सोफ्यावर चादर घालतात, टीव्हीवर घालतात, शोकेसमधल्या बाहुलीवरसुद्धा घालतात. की-बोर्ड तेवढा उघडा!

आणि हे काम नाना एकटे करतात. मला सफाईचा ब्रश हातात द्यायचा नाही, असा त्यांचा सात वर्षांचा नियम. लाखाचा लॅपटॉप माझ्या हवाली करून ते बिनधास्त भाजी आणायला जातील, पण रंगाचं बटण? नाव काढू नका. खरं सांगते, मला त्याचं फार वाईट वाटायचं. मला तेच काम करायचं होतं!

*

नियमाला कारण मीच.

नोकरीचा पहिला आठवडा. नाना जेवायला गेलेले आणि एक की-बोर्ड आला, ऑइलपेंटच्या ठिपक्यांनी भरलेला. म्हटलं, नाना येईपर्यंत करून दाखवू. पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर होतं. लावलं. रंग अर्ध्या मिनिटात साफ! मी खूश. दुसऱ्या बटणाला लावलं, तिसऱ्याला लावलं. मग पहिलं उचलायला गेले तर माझा अंगठा त्यात रुतला. तिन्ही बटणं विरघळून लोण्यासारखी झाली होती.

नाना आले. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"रंग अगदी स्वच्छ निघाला," म्हणाले. "बटणासकट."

ती तीन बटणं त्यांनी काचेच्या बशीत घालून काउंटरवर ठेवली. सात वर्षं ती तिथेच आहेत, माझ्या अंगठ्याच्या ठशासकट. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय हो?"

"आमच्या वैशालीचं शिल्प. विक्रीसाठी नाही."

*

नानांची स्वतःची पद्धत मात्र ठरलेली. आधी फोटो काढायचा, म्हणजे कुठलं बटण कुठे ते कळतं. मग चिमट्याने बटणं उपटून कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणात तासभर भिजत टाकायची. भिंतीचा साधा रंग तेवढ्यानेच सुटतो, वरून जुना मऊ टूथब्रश. ऑइलपेंट असेल तर सुई टोचण्याआधी दवाखान्यात पुसतात तसलं स्पिरिट कापसाला लावून टेकवायचं, थांबायचं, आणि रंग मऊ झाला की लाकडी टूथपिकने हलकेच उचलायचा. घासलं की रंगाबरोबर अक्षरही जातं.

आणि सगळ्यात मोठा नियम. बाटली कुठलीही असो, आधी पॉजच्या बटणावर लावून बघायचं.

मी विचारलं, "पॉजच का, नाना?"

"ते जन्मात कोणी दाबत नाही. ते गेलं तर सुतक नाही!"

*

फोनवर तर नानांना ऐकावंच.

"रंग काढायला किती वेळ लागेल हो?"

"सांडायला किती लागला?"

"अहो, एक सेकंद! डबाच कलंडला."

"मग दोन दिवस." आणि फोन खाली.

*

खंडेनवमी झाली की आमच्याकडे वेगळीच गर्दी. हत्यारांची पूजा म्हणून लोक कॉम्प्युटर पूजतात. हळदकुंकू ठीक आहे, फुंकलं की जातं. पण एका ऑफिसातले गृहस्थ की-बोर्ड घेऊन आले, त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचं हे एवढं मोठं स्वस्तिक! क्यूपासून थेट एंटरपर्यंत.

गृहस्थ भाविक. हळू आवाजात म्हणाले, "शेंदूर काढा, पण पूजेचं पुण्य जायला नको."

नानांनी की-बोर्ड तिरका करून आत पाहिलं. "पुण्य कुठेही जात नाही. पार सर्किटपर्यंत उतरलंय. म्हणून तर चालत नाही!"

*

कात्रजहून एक कॉलेजचा मुलगा आला होता. गेमिंगचा की-बोर्ड, त्याला 'गोल्ड लुक' हवा होता. बटणं न काढताच त्याने वरून सोनेरी स्प्रे मारला, एकावर एक तीन हात. सगळी बटणं एकमेकांना चिकटून सलग वडी झालेली.

"सर, होप आहे का काही?" त्याचा चेहरा रडवेला.

नानांनी एका कोपऱ्यावर बोट दाबलं, सगळा की-बोर्ड एकदम खाली गेला.

"छान आहे की! आता एकच बटण. शिकायला सोपं!"

पोराला हसावं की रडावं कळेना. नानांनी मात्र तीन दिवस खपून एकेक बटण सुटं केलं. मी शेजारी बसून नुसती बघत होते. एकदा सहज टूथब्रशकडे हात नेला, तर नानांनी बशी माझ्याकडे दोन इंच सरकवली.

*

आमच्याच पेठेतले एक निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी आमच्या पद्धतीची चौकशी केली, कागदावर लिहून घेतली आणि म्हणाले, "एवढंच ना? मग मी घरीच करतो."

चार दिवसांनी परत. "रंग गेला. पण आता टाइप करतो एक, उमटतं भलतंच. तुमची पद्धत सदोष आहे."

की-बोर्ड अगदी लख्ख होता. आणि बटणं ए, बी, सी, डी अशी ओळीने, झेडपर्यंत!

"काका, फोटो नव्हता का काढला?"

"काढला होता. पण त्यात सगळा गोंधळ दिसला. म्हटलं, खोललंच आहे तर शिस्तीत लावू!"

नानांनी की-बोर्ड बाजूला ठेवला. त्यांनी काकांना चहा पाजला.

*

आता लेलेबाईंचं सांगते.

लेलेबाई म्हणजे नानांच्या शाळेतल्या बाई. वय चौऱ्याऐंशी. मुलांसाठी व्याकरणाचं पुस्तक लिहितायत, स्वतः टाइप करून. आठ प्रकरणं झाली, दोन राहिली, आणि रंगाऱ्याचा हिरव्या ऑइलपेंटचा ब्रश नेमका की-बोर्डवर पडला. नवा घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "माझ्या बोटांना याची सवय आहे. या वयात नवीन सवय लावायला वेळ नाही. दिलीप, माझ्यासमोर कर." आणि दुकानातच पेपर उघडून खुर्चीत बसल्या.

दिलीप म्हणजे आमचे नाना!

नाना त्या दिवशी फार जपून काम करत होते. त्यातच एका सेल्समनने नवं औषध दिलेलं, 'प्लॅस्टिकला सेफ' म्हणून. नानांनी नियमाप्रमाणे ते आधी पॉजवर लावलं. पाच मिनिटं थांबले. नखाने खरवडून पाहिलं. ओरखडासुद्धा नाही.

"बघ वैशाली, याला पद्धत म्हणतात."

मग कापूस एमवर टेकवला. उचलायला गेले तर कापूस येईना. ओढला, तर एमला पांढरी दाढी आली.

"अगं बाई, काय होऊन राहिलं हे!" माझी वऱ्हाडी सुटली.

नाना एकदा पॉजकडे बघतात, एकदा एमकडे. मी पॉजचं बटण उलटं केलं. आत मार्करने बारीक 'दि' लिहिलं होतं. स्वतः बसवलेल्या प्रत्येक पार्टवर नाना असं लिहितात. दोन वर्षांपूर्वी बाईंचं पॉज तुटलं, तेव्हा भंगारातल्या जुन्या दणकट की-बोर्डचं काढून त्यांनीच बसवलं होतं. त्याचं प्लॅस्टिकच वेगळं. म्हणजे परीक्षा दिली एकाने आणि नापास झाला दुसरा!

मी ते अक्षर नानांना दाखवलं. मागे बाईंनी पेपर खाली ठेवला.

"काय झालं?"

त्या उठून टेबलापाशी आल्या. एमची दाढी पाहिली.

"कोणी केलं हे?"

मी बशीकडे पाहिलं. त्यात आणखी एक बटण सहज मावलं असतं. नानांनी नुसती मान माझ्याकडे वळवली असती तरी काम झालं असतं, बशी साक्षीला होतीच. आता ब्रश मला जन्मात मिळत नाही.

नाना उभे राहिले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. आणि उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. बासष्टाव्या वर्षी!

बाईंनी हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"पट्टी आहे का गं?"

मी ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी दिली. बाईंनी ती नानांच्या तळव्याला अगदी हलकेच टेकवली आणि मला परत केली.

"उरलेली बटणं ही करेल. एम दुसरं शोधून बसव. ब्रश दे तिला."

नानांनी ब्रश दिला. मी आधी साबणाचं पाणी कोमट केलं, नवं औषध उचलून लांब ठेवलं, आपलं नेहमीचं स्पिरिट घेतलं. पहिला हिरवा ठिपका मऊ होऊन अलगद टूथपिकवर आला, खाली काळंभोर बटण आणि त्यावर अक्षर शाबूत. मागे नानांनी बोलण्यासाठी घसा खाकरला.

"दिलीप," पुन्हा खुर्चीत बसलेल्या बाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "तिचं होईपर्यंत एक शब्द नाही."

नाना पावणेदोन तास गप्प बसले!